खानदेशच्या उत्तर सीमेवरचा समुद्र: बाघच्या थरांविषयी एका शिक्षकांना सविस्तर उत्तर

शहादा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी दोन दगडांची छायाचित्रे पाठवून काही प्रश्न विचारले आहेत. पहिला दगड फिकट, पिवळट पांढऱ्या रंगाचा असून त्याच्या एका बाजूस चपटी, वेटोळी आकृती अर्धवट उघडी पडलेली दिसते. तो एका विद्यार्थ्याने मामाच्या गावाहून, म्हणजे मध्य प्रदेशातील कुक्षीच्या बाजूने आणला. दुसरा दगड सातपुड्याच्या पायथ्याशी एका नाल्यात सापडला. तो गोल आहे, त्याचे पापुद्रे सुटतात आणि मुले त्याला डायनोसोरचे अंडे म्हणतात. सरांना हे जाणून घ्यायचे आहे की डायनोसोरच्या काळात आपल्या खानदेशात समुद्र होता का, असे शंखशिंपले शहादा-तळोद्याच्या परिसरात सापडू शकतात का, आणि मुलांना हे सारे प्रत्यक्ष दाखवायचे असल्यास कुठे न्यावे.

आधी थोडक्यात सांगतो. पहिला दगड अस्सल समुद्री जीवाश्म आहे. ती आकृती अमोनाइट या नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याची असून तो दगड ज्याला भूविज्ञानात ‘बाघ थर’ म्हणतात त्या शैलसमूहातला आहे, असे छायाचित्रावरून आणि मामाच्या गावाच्या ठिकाणावरून मी खात्रीने म्हणू शकतो. दुसरा दगड अंडे नाही. तो आपल्याच काळ्या दगडाचा झिजलेला गाभा आहे. शहादा तालुक्याच्या जमिनीवर समुद्री जीवाश्म मूळ जागी सापडण्याची शक्यता नाही. मात्र आपल्या पायाखाली, लाव्हाच्या जाड थरांच्या खाली, डायनोसोरांच्या काळातला गाळ काही भागांत दडलेला असावा असे मानायला चांगला आधार आहे.

खानदेशात माझा बराच काळ भूजल सर्वेक्षणात गेला. विहिरी आणि बोअर यांच्या निमित्ताने या भागाचा खडक मी आतून पाहिला आहे. धुळ्यात घ्या, साक्रीत घ्या किंवा चोपड्याच्या उत्तरेस घ्या, बोअर मारताना वर येणारा चुरा काळा, करडा किंवा हिरवट असतो. अधूनमधून दोन लाव्हाप्रवाहांच्या मधली गेरूसारखी लाल माती येते आणि पुन्हा काळा खडक सुरू होतो. तापीकाठी याच्या वर नदीच्या गाळाचा जाड थर आहे, जळगाव जिल्ह्यात तर तो काही ठिकाणी शेकडो मीटर खोल जातो. पाचशे-सहाशे फुटांच्या बोअरमध्ये चुनखडक लागल्याचे माझ्या पाहण्यात कधी आले नाही, आणि तसे होण्याचे कारणही नाही. तोरणमाळचे पठार, अस्तंब्याचा डोंगर, धुळे-नंदुरबार पट्ट्यात भिंतींसारख्या उभ्या दिसणाऱ्या डाइक, हे सारे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांचे काम आहे. तप्त लाव्हा थिजून झालेल्या या खडकात समुद्राचे शिंपले कसे असतील? ज्या समुद्राविषयी आपण बोलत आहोत तो या उद्रेकांच्या सुमारे दोन कोटी वर्षे आधी येऊन निघूनही गेला होता. हा क्रम मुलांच्या मनावर पहिल्यांदा ठसवावा, कारण ‘डायनोसोरचा काळ’ असे म्हटले की समुद्र, ज्वालामुखी आणि डायनोसोरांचा अंत हे सगळे एकाच वेळी घडले असा समज पटकन होतो.

बाघ हे धार जिल्ह्यातले गाव. तिथल्या बौद्ध लेण्यांमुळे ते सर्वांना ठाऊक आहे आणि ती लेणी ज्या मऊ वालुकाश्मात कोरली आहेत तो वालुकाश्म याच शैलसमूहाचा तळाचा भाग आहे. नर्मदेच्या खोऱ्यात पूर्वेस बडवाहपासून पश्चिमेस गुजरातेतील कवांटच्या पलीकडेपर्यंत हे थर तुकड्यातुकड्यांनी उघडे पडलेले दिसतात. धार, अलिराजपूर आणि छोटा उदेपूर हे जिल्हे त्यांचे मुख्य क्षेत्र. तुकड्यातुकड्यांनी असण्याचे कारण साधे आहे. पूर्वी हे सगळे लाव्हाखाली गाडले गेले होते, आणि नर्मदा व तिला उत्तरेकडून मिळणाऱ्या मान, उरी, हथनी यांसारख्या नद्यांनी वरचा लाव्हा जिथे खरवडून काढला तिथेच खालचे जुने थर उजेडात आले. शहाद्याहून खेतिया, बडवानी, कुक्षी असे गेले की आपण सातपुड्याचा काळा दगड मागे टाकून नर्मदा ओलांडतो आणि थोड्याच अंतरावर शेताच्या बांधांना पांढरट गोटे दिसू लागतात. रस्त्याकडेचा दगड असा बदलला की खडकाची जातच बदलली हे समजावे.

हे थर नीट समजायचे असतील तर तळापासून वर चढत जावे. सर्वांत खाली अब्जावधी वर्षे जुने, नाइस नावाचे आणि इतर रूपांतरित खडक आहेत. त्यांच्या झिजलेल्या, उंचसखल पाठीवर निमार वालुकाश्म बसलेला आहे. त्याच्या तळाशी गोलसर गोट्यांचा, जाडाभरडा थर असतो. तो नद्यांनी आणून टाकलेला. जसजसे वर जावे तसतशी वाळू बारीक होत जाते, तिच्यात भरती-ओहोटीच्या प्रवाहांनी घातलेले तिरपे पदर दिसतात, आणि पश्चिमेकडच्या उघड्या भागांत तर वालुकाश्माच्या माथ्याजवळ कालवांच्या शिंपल्यांचे थरच्या थर लागतात. कालव उथळ, किनाऱ्याजवळच्या पाण्यात वस्ती करतात. म्हणजे नदीच्या वाळूवर समुद्र हळूहळू चढत आला, हे एकाच कड्यावर खालून वर वाचता येते. या चढत्या पाण्याचा काळ सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीपासून सुरू होतो. त्या काळी जगभरच समुद्राची पातळी आजच्यापेक्षा पुष्कळ उंच होती आणि अनेक खंडांच्या आतपर्यंत उथळ समुद्र शिरले होते. नर्मदेचे खोरे हा भूकवचातला फार जुना कमकुवत पट्टा. तिथे खोलगट जागा तयारच होती, म्हणून पश्चिमेकडून आलेले पाणी त्या खोलगटातून पूर्वेकडे आत सरकले.

निमार वालुकाश्माच्या वर जो चुनखडक येतो त्याला गाठींचा चुनखडक म्हणतात, आणि सरांनी पाठवलेला पहिला दगड त्यातला आहे. हा खडक बारीक कणांचा, टणक, पांढरट किंवा फिकट करडा असतो; तो अखंड पाटासारखा न दिसता मुठीएवढ्या, कधी अंड्याएवढ्या गाठी शेजारीशेजारी दाबून बसवल्यासारखा दिसतो आणि गाठींच्या मधल्या फटींत मऊ, मातकट चुन्याचा भाग असतो. पावसाने तो मऊ भाग धुऊन जातो आणि गाठी सुट्या होऊन शेतात पसरतात. या गाठी का झाल्या याचे उत्तर मला स्वतःला या साऱ्या शैलसमूहातले सर्वांत वेधक वाटते. समुद्राच्या तळाशी चुन्याचा बारीक चिखल साठत असताना झिंग्यासारखे कवचधारी प्राणी त्यात बिळे करून राहत होते. एकमेकांना जोडलेल्या, फांद्या फुटत जाणाऱ्या या बिळांचे साचे आजही थराच्या पृष्ठभागावर बोटाएवढ्या जाडीच्या, इंग्रजी वाय अक्षरासारख्या दुभंगणाऱ्या दांड्यांच्या रूपाने दिसतात. बिळांतला भराव आणि भोवतालचा चिखल एकाच वेगाने कठीण झाला नाही. पुढे वरच्या गाळाचे वजन पडले, काही भाग दाबला गेला, काही विरघळला, आणि जो आधी कठीण झाला होता तो गाठीच्या रूपाने उरला. म्हणून मुलांना तिथे नेले तर शंख शोधण्याआधी त्यांना हे बिळांचे जाळे दाखवावे, असे मी सुचवीन. शंख मेल्यावर वाहत दूरही जाऊ शकतो, पण बीळ वाहून जात नाही. तो प्राणी नेमका त्याच जागी जिवंत होता याचा तो पुरावा असतो.

गाठींच्या चुनखडकाच्या वर काही गावांच्या शिवारात, विशेषतः देवला आणि चिराखान येथे, मऊ चुनमातीचा पातळ थर असतो आणि त्यात जीवाश्म अतिशय विपुल मिळतात. त्याच्याही वर लालसर, गुलाबी किंवा पिवळसर रंगाचा, खरबरीत पोताचा चुनखडक येतो. जुन्या लिखाणात त्याला प्रवाळी चुनखडक म्हटलेले असले तरी तो मुख्यतः ब्रायोझोआ नावाच्या, वसाहती करून राहणाऱ्या अगदी बारीक समुद्री प्राण्यांच्या तुटलेल्या फांद्यांचा बनलेला आहे. भिंग धरले की दगडाच्या ताज्या फोडीवर जाळीदार, भोकाभोकांच्या काड्या दिसतात. त्यातले तिरपे पदर सांगतात की इथले पाणी पुन्हा उथळ आणि जोराने वाहणारे झाले होते. समुद्र मागे हटू लागला होता. साधारण ८.६ कोटी वर्षांच्या आसपास ही समुद्री कहाणी या खोऱ्यात संपते. चुनखडकाच्या या थरांची जाडी प्रत्येक ठिकाणी वेगळी असली तरी ती मीटरांतच मोजावी लागते, किलोमीटरांत नाही. तमिळनाडूतील अरियलूरच्या त्याच काळातल्या समुद्री थरांपुढे ती फारच थोडी आहे. तरीही एका टेकडीवर दिवसभरात नदीची वाळू, समुद्र, त्यानंतरची जमीन आणि शेवटी लाव्हा असा सगळा क्रम पायी चढून पाहता येतो, अशा जागा आपल्या देशात मोजक्याच आहेत.

आता त्या अमोनाइटकडे येऊ. हा माकुळ आणि ऑक्टोपस यांच्या नात्यातला प्राणी. त्याचे कवच एका पातळीत गुंडाळलेले असे आणि आतून पडद्यांनी अनेक कप्प्यांत विभागलेले असे. प्राणी फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात राही. मागच्या कप्प्यांतला वायू आणि द्रव यांचे प्रमाण राखून तो पाण्यात तरंगे. बाघ थरांतून अनेकदा नोंदला गेलेला अमोनाइट म्हणजे प्लॅसेंटिसेरस. त्याचे कवच दोन्ही बाजूंनी चपटे, बाहेरची कड अरुंद आणि आतली वेटोळी बहुतांशी बाहेरच्या वेटोळ्याने झाकलेली असतात. छायाचित्रातला नमुना त्याच्याशी जुळतो, पण छायाचित्रावरून प्रजाती ठरवणे योग्य नाही. सरांनी तो दगड सकाळच्या तिरप्या उन्हात धरून भिंगाखाली पाहावा. वेटोळ्याच्या बाजूवर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या, पुनःपुन्हा दुमडलेल्या, पानाच्या कातरलेल्या कडेसारख्या बारीक रेषा दिसतात का ते तपासावे. कप्प्यांचे पडदे कवचाच्या आतल्या बाजूला जिथे चिकटत तिथली ती शिवण होय. मूळ कवच विरघळून गेले आणि आत शिरलेला चुन्याचा चिखल कठीण झाला, तेव्हाच ही शिवण उघडी पडते; बाहेरचे कवच शाबूत असते तर ती दिसली नसती. अमोनाइटांच्या जाती भराभर बदलत गेल्या आणि समुद्रातून दूरदूर पसरल्या, त्यामुळे थराचे वय ठरवण्यासाठी त्यांच्याइतका उपयोगी जीवाश्म दुसरा क्वचितच असतो. गाठींचा चुनखडक ट्युरोनियन काळातला, म्हणजे ढोबळमानाने ९ ते ९.४ कोटी वर्षांपूर्वीचा आहे असे म्हणताना याच जीवाश्मांचा मोठा आधार घेतला जातो.

याच थरांत समुद्री अर्चिन, म्हणजे काटेरी कवचाचे समुद्री प्राणी, हेही पुष्कळ मिळतात. हेमिअ‍ॅस्टर जातीचा अर्चिन हृदयाकृती असतो आणि त्याच्या पाठीवर पाच पाकळ्यांची खूण कोरल्यासारखी स्पष्ट दिसते. त्यावर पूर्वी काटे होते. प्राणी मेल्यावर ते गळून जातात. इनोसेरॅमस नावाच्या मोठ्या शिंपल्याच्या लाटालाटांच्या कवचाचे तुकडे, ब्रॅकिओपॉड हे शिंपल्यांसारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले समुद्री प्राणी, गोगलगाईंचे साचे आणि शार्क माशांचे चमकदार दातही या थरांतून मिळाले आहेत. शिक्षकांनी एक लक्षात ठेवावे की अर्चिन गोड्या पाण्यात राहत नाही. अमोनाइटही राहत नसे. त्यामुळे हे दोन जीवाश्म एकाच थरात मूळ जागी मिळाले की तिथे खारे पाणी होते याविषयी वाद उरत नाही. मुलांना पुरावा म्हणजे काय हे शिकवायला याहून सरळ उदाहरण मिळणे अवघड आहे.

या जीवाश्मांचा अभ्यास दीडशे वर्षांहून जुना आहे. १८५० च्या दशकात निमाडमध्ये अधिकारी असलेल्या कीटिंज यांनी बाघजवळून जमवलेले जीवाश्म अभ्यासकांच्या हाती गेले. १८६५ मध्ये डंकन यांनी बाघचे अर्चिन आणि अरबस्तानाच्या आग्नेय किनाऱ्यावरचे अर्चिन एकत्र वर्णन करून त्यांतले साम्य दाखवले. १८६९ मध्ये ब्लॅनफर्ड यांचा तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांवरचा ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. आपल्या खानदेशच्या खडकांचे पहिले पद्धतशीर वर्णनही त्यातच आहे. १८८४ मध्ये प्रमथनाथ बोस यांनी निमावर ते कवांट हा पट्टा तपशीलवार मांडला. पुढे १९३० च्या दशकापासून जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी बाघच्या अर्चिनांवर, ब्रॅकिओपॉडांवर आणि इतर गटांवर लेखांमागून लेख लिहिले, आणि नंतर पुण्यात त्यांच्याभोवती या विषयाची एक परंपराच उभी राहिली. मराठी माणसाने केलेल्या पुराजीवशास्त्रातील कामाचा विषय निघाला की मी चिपळूणकरांचे नाव आधी घेतो, आणि खानदेशातील शाळांत ते सांगितले जावे असे मला मनापासून वाटते.

डंकन यांनी दाखवलेले अरबस्तानाशी साम्य नुसते कुतूहलाचे नव्हते. बाघचे प्राणी अरबस्तान, मादागास्कर या बाजूच्या समुद्रांतील प्राण्यांशी जवळचे आणि तमिळनाडूच्या थरांतील प्राण्यांपासून काहीसे दूरचे दिसत असतील, तर नर्मदेच्या खोऱ्यातले पाणी पश्चिमेकडून आले होते आणि पूर्व किनाऱ्याच्या समुद्राशी ते थेट जोडलेले नव्हते असा अर्थ निघतो. नंतरच्या अभ्यासांत या साम्याच्या तपशिलांवर मतभेद झाले आहेत, पण पाणी पश्चिमेकडून आले हा निष्कर्ष थरांच्या स्वरूपावरूनही पटतो. समुद्री चुनखडक पश्चिमेकडे व मध्यावर आहे, पूर्वेकडे तो नाहीसा होऊन फक्त वालुकाश्म उरतो. शिवाय साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून वेगळे झाले. म्हणजे बाघचा समुद्र ज्या वेळी नांदत होता त्याच सुमारास आपल्या भूखंडाची पश्चिम बाजू फाटत होती. या दोन घटनांचा संबंध किती आणि कसा यावर अभ्यासक अजून काम करीत आहेत.

आता खानदेशच्या पोटात काय आहे हा प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने थुआदरा, सेंधवा आणि जळगाव जिल्ह्यातील सिंदाड यांना जोडणाऱ्या रेषेवर जमिनीत स्फोट घडवून त्यांच्या लहरींची नोंद घेतली होती. काळ्या खडकातून लहरी वेगाने जातात, वालुकाश्म किंवा शेलसारख्या गाळाच्या खडकातून त्या मंद होतात. नर्मदा आणि तापी यांच्या दरम्यान लाव्हाच्या थराखाली असा मंद वेगाचा थर आढळला आणि तो मध्यजीव महाकल्पातील, म्हणजे डायनोसोरांच्या काळातील गाळाचा असावा असा अर्थ लावण्यात आला. लाव्हाखाली असे गाळाचे थर दडलेले असतील तर तेल आणि वायूच्या दृष्टीने ते महत्त्वाचे ठरतात, म्हणून या पट्ट्याकडे पुन्हा पुन्हा लक्ष दिले गेले आहे. तो गाळ समुद्रीच आहे, त्यात अमोनाइट आहेत, असे मात्र लहरींवरून सांगता येत नाही. त्यासाठी तिथला गाभा छिद्र पाडून बाहेर काढावा लागेल. आणि लाव्हाखाली सगळीकडेच गाळ असतो असेही नाही. कोयनेजवळच्या वैज्ञानिक विंधनछिद्रात सुमारे ९३० मीटर बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, संपल्यावर थेट ग्रॅनाइटी खडक लागला, मधे गाळाचा थर नव्हता. त्यामुळे ‘खानदेशात समुद्र होता’ असे वर्गात ठामपणे सांगू नये. ‘आपल्या उत्तर सीमेवर, नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र होता हे सिद्ध आहे, त्याचा दक्षिण किनारा सातपुड्याच्या खाली कुठवर होता ते लाव्हाने झाकले आहे’ असे सांगावे. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांचा नर्मदाकाठ मी शहाद्यापासून वेगळा धरतो, कारण तिथे नदीने खोल कापले आहे आणि पलीकडच्या बाजूला हेच थर उघडे आहेत. पण तो काठ आता बराचसा सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे.

डायनोसोर या गोष्टीत दोनदा येतात आणि ते दोन प्रसंग वेगळे ठेवले पाहिजेत. निमार वालुकाश्मातून धार जिल्ह्यात डायनोसोरांची हाडे २००३ मध्ये नोंदली गेली. ते प्राणी समुद्र आत येत असताना किनाऱ्यालगत वावरत होते. ज्या अंड्यांची आणि घरट्यांची चर्चा आपण वर्तमानपत्रांत वाचतो ती मात्र लॅमेटा थरांतली आहेत. समुद्र निघून गेल्यानंतर, लाव्हा येण्याच्या जरा आधी, या भागात नद्या, तळी आणि चुनखडीयुक्त माती होती, त्या काळचे हे थर. गुजरातेतील रहिओलीचा राजासॉरस नर्मदेन्सिस हा मांसाहारी डायनोसोर याच थरांतला आणि त्याचे वर्णनही २००३ मध्येच झाले. २०२३ च्या जानेवारीत धार जिल्ह्यातील ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी पाडल्या गावची हकिकतही सर्वत्र पोहोचली. तिथे शेतात मिळालेले गोल दगड शेताचे आणि गुराढोरांचे रक्षण करणारा काकड भैरव म्हणून पुजले जात होते, आणि त्यांतले काही डायनोसोरची अंडी असल्याचे अभ्यासकांनी ओळखले. त्या श्रद्धेमुळेच ते दगड फुटले नाहीत, फेकले गेले नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सरांच्या दुसऱ्या दगडाचा विचार याच माहितीच्या आधारे करावा. लॅमेटा थरांतली अंडी बहुधा १२ ते २० सेंटिमीटर व्यासाची असतात. त्यांचे कवच एकच, काही मिलिमीटर जाडीचे असते. भिंगाखाली त्याच्यावर बारीक उंचवटे दिसतात आणि कवच चुन्याचे असल्याने आम्लाचा थेंब पडला की फसफसते. आपल्या नाल्यातल्या दगडाला कांद्यासारखे एकाखाली एक पापुद्रे आहेत, तो काळपट तपकिरी आहे, आणि तसेच लहानमोठे दगड त्या नाल्याच्या काठावर खडकातून सुटताना दिसतील. बेसाल्टला थंड होताना चौकोनी भेगा पडतात, भेगांतून पाणी शिरते, ठोकळ्याचे कोपरे तीन बाजूंनी सडतात म्हणून लवकर झडतात, आणि आत गोल गाभा उरतो. सातपुड्याच्या पायथ्याला असे गोटे हजारोंनी आहेत. मुलांचा उत्साह मोडू नये. पण त्यांना त्याच नाल्यात नेऊन खडकात अर्धवट अडकलेला गोटा दाखवावा, म्हणजे समज आपोआप दुरुस्त होईल.

याशिवाय आणखी काही गोष्टी जीवाश्म म्हणून आणल्या जातात, त्या चटकन सांगतो. सावद्याच्या खाणींसारख्या ठिकाणी मिळणारे झिओलाइटचे पांढरे, चकाकणारे पंखे ही खनिजे आहेत. दगडाच्या भेगेत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते ती मँगनीजची असते. तापी-गोमाईच्या काठच्या मातीतले शंख गोड्या पाण्यातले आणि भूविज्ञानाच्या हिशेबाने अगदी अलीकडचे असतात. बांधकामासाठी राजस्थानातून येणाऱ्या पिवळ्या जैसलमेरी फरशीत खरे समुद्री शिंपले असू शकतात, पण तो समुद्र वेगळा, काळ वेगळा आणि फरशी ट्रकने आलेली. लाव्हाप्रवाहांच्या मधल्या पातळ गाळात शंख मिळतात तेही तळ्यांतले. शाळिग्राम अमोनाइटच असतात, पण ते नेपाळातील गंडकीच्या खोऱ्यातून येतात.

आम्लाची चाचणी शाळेत करता येते, मात्र ती जीवाश्मावर कधीही करू नये. दगडाच्या मागच्या, फुटलेल्या कोपऱ्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकच थेंब टाकावा आणि लगेच पाण्याने धुवावा. चुनखडक जोरात फसफसेल, बेसाल्ट फसफसणार नाही. पण बेसाल्टच्या पोकळीत कॅल्साइट भरलेले असेल किंवा दगडाला चुनखडीचा कंकर चिकटलेला असेल तर तिथेही फेस येतो, म्हणून ताजी फोड पाहूनच निर्णय घ्यावा. अमोनाइट उजळ दिसावा म्हणून त्याला तेल, वॉर्निश किंवा रंग लावू नये, तारेच्या ब्रशने घासू नये. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडली तरी पुरे होते.

सर्वांत महत्त्वाचे काम दगड हातात असतानाच करून टाकावे. विद्यार्थ्याच्या मामांना फोन करून तो दगड नेमका कुठे मिळाला हे विचारावे: गाव कोणते, शेत की नाला की विहिरीचा उपसा, दगड सुटा होता की थरात रुतलेला, आजूबाजूचा दगड पांढरा गाठींचा होता की गुलाबी खरबरीत. विहीर खोदताना निघाला असेल तर किती हातांवर निघाला हेही विचारावे. माझ्या अनुभवात शेतकऱ्याला आपल्या विहिरीचा प्रत्येक थर पाठ असतो. हे सारे तारखेसह कागदावर लिहून त्या दगडासोबत ठेवावे आणि दगडाच्या मागे पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर क्रमांक घालावा. ठिकाण माहीत नसलेला सुंदर अमोनाइट आणि ठिकाण माहीत असलेला मोडका तुकडा यांतून निवडायचे झाले तर मी नेहमी मोडका तुकडा घेतो, कारण त्याच्यावरून थर, थरावरून काळ आणि काळावरून समुद्राचा विस्तार ठरवता येतो. बाघच्या परिसरात चुनखडीच्या खाणी आणि रस्त्यांची कामे वाढत आहेत. जुन्या लिखाणात वर्णन केलेले काही कडे आज पूर्वीसारखे उरलेले नाहीत. अशा वेळी मामाच्या विहिरीची एक नीट नोंदही उपयोगी पडते.

सहल न्यायची असेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. बाघच्या लेण्यांत निमार वालुकाश्म जवळून पाहता येतो. भिंतीवर हात न लावता तिरपे पदर दाखवावेत, कारण ते संरक्षित स्मारक आहे. त्यानंतर मान नदीच्या बाजूला जिराबाद, सीतापुरी आणि चिराखान या गावांच्या परिसरात चुनखडकाचे थर दिसतात. तिथे जाण्यापूर्वी त्या भागात काम केलेल्या भूविज्ञानाच्या प्राध्यापकांचे मार्गदर्शन घ्यावे आणि शेतमालकांची परवानगी मागावी. धार जिल्ह्यात डायनोसोर जीवाश्मांसाठी राष्ट्रीय उद्यान घोषित झालेले आहे; तिथून दगड उचलणे कायद्याने गुन्हा आहे, आणि उद्यानाबाहेरही मुलांच्या हाती हातोडी देऊ नये. वही, भिंग, मोजपट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा एवढे साहित्य भरपूर होते. प्रत्येक छायाचित्रात प्रमाणासाठी एक नाणे ठेवावे.

प्रजातीची ओळख पक्की करून हवी असल्यास जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या पर्यावरण व भूविज्ञान प्रशाळेकडे किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे विचारणा करता येईल. सुरुवातीला दगड पाठवू नये. समोरून, बाजूने आणि कडेवरून घेतलेली तीन छायाचित्रे, शिवण दिसत असल्यास तिचे जवळून घेतलेले एक, आणि मामांनी सांगितलेल्या ठिकाणाची नोंद एवढे पाठवावे. शिवण दिसली तर तिचे छायाचित्र मलाही धाडावे, म्हणजे तो प्लॅसेंटिसेरस आहे की दुसरा कोणी, याबद्दल मला अधिक नेमके सांगता येईल.